फर्नेस ऑइल सोडायचे आहे: सिन्नरच्या दोन टनी बॉयलरसाठी गॅस, व्हाइट कोल की वीज?

प्रश्न थोडक्यात असा. सिन्नरजवळ माळेगाव औद्योगिक वसाहतीत टोमॅटो, आंबा आणि पेरूचा पल्प करणारा कारखाना आहे. तासाला दोन टन वाफ देणारा, तीन पासचा (धूर तीन फेऱ्यांत फिरवणारा), फर्नेस ऑइलवरचा बॉयलर आहे. वाफ ७ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाने वापरतात आणि दोन पाळ्यांत मिळून दिवसाला साधारण १९ टन लागते. बॉयलरमागे दोन गुंठे जागा मोकळी आहे. गॅसची पाइपलाइन दाराशी येण्याची चिन्हे दिसताहेत. तर गॅसवर जावे, व्हाइट कोल (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या ब्रिकेट) जाळावा की सरळ विजेवर जावे? आणि ऐन हंगामात पुरवठाच थांबला तर काय करायचे?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर ठरतात. इंधन कोणते यापेक्षा ते कोणत्या वाटेने येते हे आधी बघा. फर्नेस ऑइल काळे तेल आहे. पेट्रोल-डिझेलसारखे ते पाइपलाइनने मनमाडला येत नाही. मुंबईच्या रिफायनरीतून टँकर कसारा घाट चढून येतो, म्हणजे जुलैत घाटात दरड आली की तुमची टाकी त्या दरडीवर अवलंबून. डिझेल पाइपलाइनने मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोंत उतरते, पण तिथून पुढे टँकरच लागतो. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ‘हिट अँड रन’च्या तरतुदीविरुद्ध चालकांनी स्टिअरिंग सोडले, तेव्हा पानेवाडीत तेल होते, गाड्याही होत्या, फक्त त्या निघत नव्हत्या. नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या त्या तेल संपले म्हणून नव्हे.

गॅसची वाट आणखी वेगळी. नाशिक जिल्ह्यात शहर गॅस वितरणाचा परवाना महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आहे, आणि गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यातून जाते. पाइप जमिनीखाली असल्यामुळे संप, दरड, पाऊस यांची झळ त्याला फारशी बसत नाही. पण देशात निघणारा गॅस आधी घरगुती जोडण्यांना आणि सीएनजीला मिळतो. कारखान्याच्या वाट्याला मुख्यतः जहाजाने आलेला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक गॅस) येतो. २०२२ मध्ये रशियाच्या गॅझप्रॉमच्या पूर्वीच्या उपकंपनीने करारातल्या खेपा दिल्या नाहीत, तेव्हा गेलला आपल्या ग्राहकांचा पुरवठा कापावा लागला होता. एलपीजीचीही तीच गत: देशाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते आणि त्यातला बहुतांश माल आखातातून निघतो. म्हणून गॅसला पर्याय म्हणून एलपीजी ठेवला तर यंत्र बदलते, समुद्र तोच राहतो.

दुसरे इंधन दुसऱ्या वाटेने येणारे हवे, नाहीतर ते आधीच अंगणात साठवलेले हवे. पुढचा सगळा हिशेब या एका कसोटीवर बघा.

एक टन वाफेला किती

किलोचा किंवा घनमीटरचा दर एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही. फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारे पाणी) ६० अंशांवर आहे असे धरले तर ७ किलो दाबाच्या एक टन वाफेसाठी पाण्यात सुमारे ६ लाख किलोकॅलरी घालाव्या लागतात. इंधनाची एकूण उष्णता आणि बॉयलरची प्रत्यक्षात टिकणारी कार्यक्षमता धरून एका टनाला लागते ते असे:

फर्नेस ऑइल (१०,२०० किलोकॅलरी, ८४ टक्के): ७० किलो
एलडीओ, म्हणजे लाइट डिझेल ऑइल (१०,७०० किलोकॅलरी, ८४ टक्के): ६७ किलो, म्हणजे ७८ लिटर
पाइपचा गॅस (९,३०० किलोकॅलरी प्रति घनमीटर, ८३ टक्के): ७८ घनमीटर
एलपीजी (११,९०० किलोकॅलरी, ८५ टक्के): ५९ किलो
व्हाइट कोल (३,८०० किलोकॅलरी, ७० टक्के): २२५ किलो
विजेचा बॉयलर (८६० किलोकॅलरी प्रति युनिट, ९८ टक्के): ७१२ युनिट

दर मुद्दाम लिहिलेले नाहीत. फर्नेस ऑइलचा दर दर पंधरवड्याला हलतो आणि लिहिलेला आकडा महिन्यात शिळा होतो. तुमच्या दारात माल पोहोचेपर्यंतचा दर या आकड्यांना गुणा. करांत मात्र गफलत करू नका. फर्नेस ऑइल जीएसटीत आहे, त्यामुळे त्यावरचा कर तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होतो. नैसर्गिक गॅस जीएसटीबाहेर आहे. त्यावरचा व्हॅट खर्चात जातो. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजी-पीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणल्यामुळे हे दुखणे हलके झाले आहे, पण तुलना करताना फर्नेस ऑइलचा दर कर वजा करूनच मांडा.

आणखी एक नेहमीची चलाखी. बर्नर विकणारा ‘९२ टक्के कार्यक्षमता’ सांगतो ती निव्वळ उष्मांकावर असते. गॅसचे बिल येते एकूण उष्मांकावर. नैसर्गिक गॅसमध्ये हायड्रोजन जास्त, त्यामुळे जळताना पाणी जास्त तयार होते आणि ते वाफ होऊन चिमणीतून निघून जाते. दोन उष्मांकांत त्यामुळेच दहा टक्क्यांचा फरक पडतो. त्याचे ९२ म्हणजे तुमच्या बिलाच्या भाषेत ८३. कोटेशनवर ‘एकूण उष्मांकावर’ हे शब्द लिहून घ्या.

इंधन बदलण्याआधी पंधरा दिवस मोजमाप

फीड पंपाच्या लाइनवर पाण्याचा मीटर बसवा आणि रोज सकाळी तेलाच्या टाकीत डिप घ्या (पट्टी बुडवून पातळी मोजा). ब्लोडाउनचे (क्षार काढायला बॉयलरमधून सोडलेले) पाणी वजा करून एक किलो तेलामागे किती किलो वाफ निघते ते काढा. १३.५ ते १४.३ आले तर बॉयलर ठीक आहे. १२.५ च्या खाली असेल तर इंधन बदलून तुम्ही तोच तोटा महाग किंवा स्वस्त भावात विकत घ्याल, एवढेच.

चोर बहुतेक वेळा बॉयलरमध्ये नसतो, लाइनमध्ये असतो. ७ किलो दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचे भोक असेल तर तासाला २५ किलोच्या आसपास वाफ जाते. दोन पाळ्या आणि ३०० दिवस धरले तर वर्षाला १२० टन वाफ, म्हणजे आठ टनांहून जास्त फर्नेस ऑइल. पल्प लाइनच्या जॅकेटेड कढयांखालचे थर्मोडायनॅमिक ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे झडप) काढून तिथे बॉल फ्लोट ट्रॅप टाका; थर्मोडायनॅमिक ट्रॅप मेन लाइनच्या निचऱ्याला ठीक, कढईला नाही. कंडेन्सेट (वाफेचे झालेले गरम पाणी) गटारात सोडत असाल तर तो आधी परत आणा. फीड वॉटर ६ अंशांनी वाढले की साधारण १ टक्का इंधन वाचते. ३० चे ८५ अंश केले तर ९ टक्के. फक्त फीड टाकी त्या प्रमाणात उंच घ्यावी लागेल. ८५ अंशांचे पाणी पंपाच्या तोंडाशी पुरेशा दाबाने आले नाही तर पंपात वाफेचे बुडबुडे होतात, इंपेलर खडखडतो, आणि मग कुणीतरी वैतागून कंडेन्सेटची लाइन पुन्हा गटारात वळवतो. ते टाळायचे तर टाकी पंपाच्या वर तीन-चार मीटर ठेवा.

बॉयलर उघडाल तेव्हा आतली नळी बघा. पाण्याच्या बाजूला १ मिलिमीटर स्केल (क्षारांचा थर) असेल तर ५ ते ८ टक्के इंधन जास्त जाते. धुराच्या बाजूला ३ मिलिमीटर काजळी असेल तर अडीच टक्के. सिन्नरच्या बोअरचे पाणी कठीण असेल आणि सॉफ्टनरचे मीठ ‘आठवड्यातून एकदा, आठवले तर’ या हिशेबाने पडत असेल, तर गॅसवर जाताना हेच स्केल तुमची ट्यूब प्लेट (नळ्या बसवलेली जाड पाटी) खाईल. कसे ते पुढे सांगतो.

हे सगळे करून १९ टनांची गरज १६-१७ वर आणणे अवघड नाही. आणि कमी झालेला प्रत्येक टन म्हणजे साठा न करता मिळालेला साठाच आहे.

गॅसवर जाताना बॉयलरमध्ये काय बदलते

फर्नेस ऑइलची ज्योत पिवळी, काजळीच्या कणांनी भरलेली. ती भट्टीच्या भिंतींना भरपूर उष्णता फेकते. गॅसची ज्योत निळसर, तिची ही फेक कमी. त्यामुळे पहिल्या पासमध्ये उष्णता कमी शोषली जाते आणि धूर जास्त गरम असतानाच मागच्या ट्यूब प्लेटवर आदळून दुसऱ्या पासमध्ये शिरतो. नेमक्या त्या जागी पाण्याच्या बाजूला स्केल साचलेले असेल तर ट्यूबच्या टोकाचा धातू थंड होत नाही, वेल्डिंगभोवती बारीक केसासारख्या भेगा पडतात आणि सहा-आठ महिन्यांनी ठिबक सुरू होते. मालक बर्नरवाल्याला शिव्या देतो. दोष सॉफ्टनरचा असतो. म्हणून बदल करण्याआधी रासायनिक सफाई करून घ्या, फीड वॉटरची हार्डनेस ५ पीपीएमच्या खाली ठेवा, आणि ट्यूबची टोके प्लेटच्या बाहेर ४-५ मिलिमीटर आलेली असतील तर ती वेल्डिंगच्या पातळीपर्यंत घासून घ्या. बाहेर आलेले टोकच सर्वांत आधी जळते.

बर्नर मागवताना सिन्नरची उंची लिहा. इथे आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहोत आणि हवेचा दाब १०१३ नव्हे, ९४० मिलिबारच्या आसपास असतो. ब्लोअर तेवढेच घनमीटर ढकलतो, पण त्यात प्राणवायू सात टक्के कमी. समुद्रकाठच्या कॅटलॉगवरून निवडलेला बर्नर इथे पूर्ण भाराला कार्बन मोनॉक्साइड देऊ लागतो, मग तंत्रज्ञ गॅस कमी करतो आणि दोन टनांचा बॉयलर पावणेदोन टनांचा होतो. तुमच्या बॉयलरला तासाला साधारण १४.५ लाख किलोकॅलरी इंधन लागते. बर्नर किमान १५.५ लाख किलोकॅलरींचा घ्या, आणि भट्टीतला प्रतिदाब (ज्याविरुद्ध ब्लोअरला हवा ढकलावी लागते तो) किती ते बॉयलर बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

हीच उंची मीटरलाही लागू आहे, आणि ही गोष्ट फारसे कुणी तपासत नाही. गॅसचे बिल प्रमाणित घनमीटरवर असते. मीटरवरचा करेक्टर (मोजलेला गॅस प्रमाणित घनमीटरात बदलणारे यंत्र) निरपेक्ष, म्हणजे हवेच्या दाबासकट, दाब मोजत असेल तर प्रश्न नाही. पण तो फक्त गेज दाब (हवेच्या दाबाच्या वरचा) मोजून त्यात समुद्रसपाटीचा १.०१३ बार मिळवत असेल, तर १ बारच्या लाइनवर साडेतीन टक्क्यांहून जास्त आणि ०.१ बारच्या लाइनवर जवळजवळ सात टक्के गॅस तुमच्या नावावर जादा लागतो. मीटर बसतानाच करेक्टरच्या सेटिंगची छापील पट्टी मागा आणि त्यावर वातावरणाचा दाब काय घातला आहे ते वाचा.

गॅस ट्रेनमध्ये (बर्नरआधीच्या व्हॉल्व्ह आणि सुरक्षा उपकरणांच्या साखळीत) काटकसर करू नका. बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, स्लॅम-शट (दाब वाढताच झटकन बंद होणारी झडप) असलेला रेग्युलेटर, किमान आणि कमाल दाबाचे स्विच, एकामागे एक दोन सेफ्टी सोलेनॉइड, त्यांच्यातली गळती प्रत्येक सुरुवातीला तपासणारी यंत्रणा, आणि ज्योत पाहण्यासाठी यूव्ही किंवा आयोनायझेशन प्रोब. तेलाच्या बर्नरवरचा जुना फोटोसेल गॅसची निळी ज्योत नीट बघत नाही. त्याला ‘जुगाड’ करून बसवलेले दिसले तर काम तिथेच थांबवा. आग पेटण्याआधी भट्टीत साठलेला गॅस किमान पाच वेळा हवेने बदलला जाईल एवढा प्री-पर्ज हवा. घाईच्या दिवशी ऑपरेटर टायमर कमी करतो. त्यावर कुलूप लावा.

गॅसचा खरा फायदा इकॉनॉमायझर (चिमणीच्या धुरावर फीड वॉटर तापवणारा) लावल्याशिवाय मिळत नाही. फर्नेस ऑइलमध्ये गंधक असल्यामुळे धूर १६०-१७० अंशांच्या खाली नेला की आम्ल थेंब धरते आणि चिमणी चाळणी होते. गॅसला ती भीती नाही. धूर २२० वरून १३० अंशांपर्यंत उतरवा. दर २२ अंशांना एक टक्का या हिशेबाने चार टक्के मिळतात. पण पर्यायी इंधन म्हणून फर्नेस ऑइलच ठेवणार असाल तर इकॉनॉमायझरला बायपास डँपर लागेल, नाहीतर आठ दिवसांच्या तेलात त्याच्या फिन गळून पडतील.

करारातले दोन शब्द नीट वाचा: दैनिक करार मात्रा (रोज घ्यायचा ठरलेला गॅस) आणि किमान उचल (जाळला नाही तरी ज्याचे पैसे द्यावेच लागतात तो). तुमचा सरासरी खप दिवसाला १,५०० घनमीटर येईल. टोमॅटो आणि आंबा सोडून मधल्या महिन्यांत तो निम्म्यावर येतो. १,५०० चा करार केलात तर रिकाम्या महिन्यांत न जाळलेल्या गॅसचे पैसे द्याल. १,१०० ते १,२०० चा करार, किमान उचलीचा हिशेब महिन्याऐवजी तिमाहीवर, आणि जादा उचलीचा दर आधीच ठरलेला, एवढे पदरात पाडून घ्या.

पर्यायी इंधन: माझे मत एलडीओच्या बाजूने

इथे परवान्याचा एक मुद्दा कामाला येतो. डिझेल पेट्रोलियम नियमांच्या ‘ब’ वर्गात येते. परवान्याशिवाय २,५०० लिटरपर्यंतच ठेवता येते, तेही हजार लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नाही. तुमच्या खपाला ते जेमतेम दीड-पावणेदोन दिवस पुरेल. एलडीओ आणि फर्नेस ऑइल दोन्ही ‘क’ वर्गात. तिथे मर्यादा ४५,००० लिटर. म्हणजे आज जी टाकी फर्नेस ऑइलला वापरता, तीच साफ करून एलडीओला वापरता येते. दिवसाला १,५०० लिटर धरा: १५,००० लिटरमध्ये दहा दिवस निघतात. दहा दिवसांत बहुतेक संप मिटतात आणि बहुतेक घाट मोकळे होतात.

फर्नेस ऑइलच का ठेवू नये? कारण ते आयत्या वेळी तयार नसते. टाकीत ५०-६० अंश आणि बर्नरपाशी १०० ते ११० अंश तापवल्याशिवाय ते नीट फवारले जात नाही. वर्षात चार दिवस लागणाऱ्या इंधनासाठी वर्षभर हीटर चालू ठेवावा लागतो. एलडीओलाही एक अडचण आहे: हिवाळी मालाचा ओतण-बिंदू (ज्याच्या खाली तेल वाहत नाही ते तापमान) १२ अंशांपर्यंत असू शकतो. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा सिन्नरलाही पहाटे टाकीच्या तोंडाशी तेल मेणासारखे होते आणि फिल्टर बसतो. टाकीच्या आउटलेटवर एक-दोन किलोवॅटचा छोटा हीटर आणि पाइपला हीट ट्रेसिंग एवढे पुरते.

जुनी टाकी साफ करणे हे साधे काम समजू नका. फर्नेस ऑइलच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड दबलेला असतो. मॅनहोल उघडून आठ-दहा तास ब्लोअर, मग गॅस डिटेक्टरने प्राणवायू आणि हायड्रोजन सल्फाइड तपासणे, आत एकच माणूस हार्नेससह, बाहेर दोन. ‘रुमाल बांधून दोन मिनिटांत उतरतो’ म्हणणाऱ्याला उतरू देऊ नका. गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो नाल्यात नाही, अधिकृत विल्हेवाटीकडे जातो.

एलपीजी पर्याय म्हणून कुणी सुचवला तर हे बघा: पूर्ण भाराला तासाला ११८ किलो लागतो. १९ किलोचा सिलिंडर स्वतःहून तासाला किलोभरही गॅस सलग देत नाही. हिवाळ्यात त्यावर दव गोठून तो आणखी मंदावतो. म्हणजे द्रवरूप उचल आणि व्हेपोरायझर लागणारच, आणि १०० किलोवर साठा गेला की परवानाही. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. जुन्या बॉयलर हाउसमध्ये फरशीखाली तेलाच्या पाइपांचे चर असतात. गळलेला गॅस तिथे जाऊन बसतो. पाइपचा गॅस हलका असतो, त्याला छपराजवळ झरोका लागतो.

व्हाइट कोल: चांगला, पण दोन गुंठ्यांत मावणारा नाही

वाटेच्या कसोटीवर व्हाइट कोल सगळ्यांत सरस आहे. भुसा, शेंगांची टरफले, सोयाबीनचे कुटार, उसाचे चिपाड, खानदेशातल्या पऱ्हाट्या: यातले काहीच समुद्रावरून येत नाही. वाफेच्या टनाला खर्चही बहुतेक काळ फर्नेस ऑइलपेक्षा बराच कमी पडतो. अडचण जागेची. १९ टन वाफेला रोज ४.३ टन माल. पावसाळ्यात ओला माल आणि बंद भट्ट्या यांमुळे तीस दिवसांचा साठा हवा, म्हणजे १३० टन. ढिगाचे घनमीटरला सहा-साडेसहाशे किलो धरले, उंची अडीच मीटर, चालायला-उतरवायला वाट, तर सव्वा ते दीड गुंठे शेडमध्येच गेले. उरलेल्या अर्ध्या गुंठ्यात घन इंधनाचा बॉयलर, धुरातली राख पकडणारे सायक्लोन आणि बॅग फिल्टर, राखेची जागा आणि ट्रक वळायला रस्ता बसत नाही. तुमचा आजचा तेलाचा बॉयलर व्हाइट कोल जाळू शकत नाही, हेही लक्षात असू द्या; बाहेरची भट्टी जोडून चालवला तर वाफ दोन टन मिळणार नाही.

शेजारचा प्लॉट मिळाला तर मात्र मत बदला: एक टनाचा व्हाइट कोल बॉयलर सतत चालणाऱ्या भाराला आणि गॅस चढ-उताराला. ही जोडी सगळ्यांत मजबूत. माल घेताना टनावर नाही, उष्मांकावर घ्या, आणि प्रयोगशाळेचा अहवाल ‘आहे तशा मालाचा’ मागा. कोरड्या मालाचा आकडा दाखवून ओला माल विकणे ही जुनी रीत आहे. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. ब्रिकेट मोडून बघा: चांगली खटकन तुटते, वाईट हातात भुगा होते. कुटार-चिपाडाच्या मालात पोटॅश जास्त, त्याची राख कमी तापमानाला वितळून जाळीवर क्लिंकर (कडक खडे) धरते. भुशाच्या मालाशी मिसळून जाळला तर त्रास कमी होतो. आणि वीज गेली तरी जाळीवरची आग विझत नाही, पाणी मात्र थांबते. फीड पंप जनरेटरवर असलाच पाहिजे. या मालाला नवे गिऱ्हाईकही आले आहे: औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्के बायोमास मिसळण्याचे धोरण केंद्राने केले. भाव आज आहे तोच राहील असे धरू नका.

वीज: वाफेसाठी नाही, गरम पाण्यासाठी

‘विजेवर गेलो की स्वच्छ झालो’ हा समज मोडायला एक गुणाकार पुरे. एक टन वाफेला ७१२ युनिट. ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनाला ५०० किलो. फर्नेस ऑइलला साधारण २२०, गॅसला १५०. आपल्याकडे वीज आजही बव्हंशी कोळशाची आहे. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे संच त्याच घराण्यातले.

पण तुमच्या कारखान्यात सगळीच उष्णता वाफेची लागत नाही. सीआयपी (यंत्रे न उघडता आतून धुणे), क्रेट धुणे, फळे धुणे, फरशी धुणे या कामांना ६० ते ८० अंशांचे पाणी पुरते, आणि आज ते टाकीत थेट वाफ सोडून बनवले जाते. ती वाफ कंडेन्सेट म्हणून परतही येत नाही. तिथे हीट पंप (उलट्या फ्रिजसारखा, थंड बाजूची उष्णता ओढून पाण्यात घालणारा) लावा. एका युनिट विजेत तीन युनिटांची उष्णता मिळते. छपरावर १०० किलोवॅट सौर बसवले (जागा साधारण हजार चौरस मीटर) तर दिवसाला सरासरी ४०० युनिट येतात. ते विजेच्या बॉयलरला दिले तर अर्धा टन वाफ. हीट पंपाला दिले तर १.७ टन वाफेच्या बरोबरीचे गरम पाणी. गरम पाण्याची टाकी मोठी, जाड इन्सुलेशनची घ्या आणि हीट पंप दिवसाच चालवा. शिवाय हीट पंपाची थंड बाजू चिलरच्या परतीच्या पाण्याला जोडता आली तर गारवाही फुकट मिळतो.

सांडपाण्यातला बायोगॅस छोटा आहे, पण खरा आहे. दिवसाला १०० घनमीटर सांडपाणी, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला ४ ग्रॅम असेल, त्यातला ८० टक्के काढला तर साधारण ९५ घनमीटर मिथेन, म्हणजे सव्वा टन वाफ. टोमॅटोचा लगदा आंबट. एकदम टाकला तर डायजेस्टरचा पीएच घसरून गॅस बंद पडतो. शेण किंवा चुना मिसळून, हळूहळू वाढवत द्या. कांद्याचा कचरा स्वस्त मिळतो म्हणून भरमसाट घेऊ नका: त्यात गंधक जास्त, गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड वाढतो आणि बर्नरचे पितळी भाग काळे पडून सडतात. नाशिक महापालिकेने जीआयझी या जर्मन संस्थेच्या साहाय्याने उभारलेल्या प्रकल्पात हॉटेलांचा ओला कचरा आणि सेप्टेज (शौचालयांच्या टाक्यांतला मैला) एकत्र पचवतात. मिसळीचे तंत्र समजून घ्यायला तो पाहण्यासारखा आहे.

क्रम आणि कागद

आधी ट्रॅप, कंडेन्सेट आणि सॉफ्टनर. याला गॅसची वाट बघायची गरज नाही. मग हीट पंप. दुहेरी (गॅस आणि एलडीओ दोन्ही जाळणाऱ्या) बर्नरची ऑर्डर मात्र गॅसचा व्हॉल्व्ह तुमच्या फाटकाच्या आत बसल्यावरच द्या. ‘दोन महिन्यांत येतो’ या शब्दावर घेतलेला बर्नर खोक्यात वॉरंटी संपवतो. तोवर फर्नेस ऑइलवर काढा.

बर्नर बदलणे दाबाच्या भागाला हात न लावता होते, पण इकॉनॉमायझर हा बॉयलरचाच भाग मानला जातो. त्यासाठी बाष्पके संचालनालयाची मंजुरी आणि हायड्रॉलिक चाचणी लागते. जुन्या १९२३ च्या कायद्याऐवजी आता २०२५ चा बॉयलर कायदा लागू आहे, तेव्हा सल्लागाराचे नमुने जुने नाहीत ना ते बघा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधनाचे नाव आणि मात्रा लिहिलेली असते. गॅस मुख्य आणि एलडीओ पर्यायी अशी दोन्ही नावे एकाच दुरुस्तीत घालून घ्या, नाहीतर नेमक्या संपाच्या आठवड्यात एलडीओ जाळणे नियमबाह्य ठरेल.

गॅस सुरू झाल्यावर चिमणीत प्राणवायू पूर्ण भाराला २ ते ३ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएमच्या आत, हे तीन वेगवेगळ्या भारांवर मोजून घ्या आणि तो कागद बर्नरवरच चिकटवा. महिन्यातून एकदा दोन तास बॉयलर एलडीओवर चालवा, आणि डिसेंबर-जानेवारीत ते शक्यतो पहाटेच्या पहिल्या पाळीला करा. अदलाबदल रात्रपाळीच्या ऑपरेटरने कुणाला फोन न करता वीस मिनिटांत करून दाखवली पाहिजे.